इंग्रजीतून वाजणारी थंडी

एका जंगलात दर वर्षी थंडी पडत असे. थंडी सगळ्याच जंगलांत पडते, त्यात सांगण्यासारखं काय, असं तुमच्यातला एखादा चुणचुणीत मुलगा विचारील. त्याने जरा गप्प बसावं. चुणचुणीत मुलांमुळेच गोष्टी लांबतात.

तर मुलांनो, त्या जंगलात थंडीची एक साधी रीत होती. मार्गशीर्ष लागला की ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी शेकोटी पेटायची. येणाऱ्याने येताना एक वाळकी काटकी आणायची. ज्याला काटकी मिळाली नसेल त्याने नुसतंच यायचं आणि "लई वाजतंय बाबा" एवढं म्हणायचं. मग बसलेले सरकायचे आणि त्याला जागा व्हायची. किती वाजतंय, असं कोणी कोणाला विचारत नसे. दात वाजले की ऐकू येतातच.

अशी ही मागासलेली रीत पुष्कळ वर्षं चालली. मग एकदा सिंहमहाराज परदेशी गेले.

निमित्त होतं सर्व-जंगल शीत परिषदेचं. परिषद बर्फाच्या देशात होती. जेवणाच्या वेळी महाराजांच्या शेजारी एक पांढरं अस्वल बसलं होतं. त्याने सहज विचारलं, "तुमच्याकडे थंडी कशी असते?"

"असते बऱ्यापैकी," महाराज म्हणाले.

"म्हणजे फ्रॉस्टी, फ्रिजिड की ग्लेशियल?"

महाराजांनी उत्तर द्यायचं टाळण्यासाठी तोंडात घास घातला. सिंह कधी फार चावत बसत नाही. पण तो घास त्यांनी गोड पदार्थ येईपर्यंत चावला.

परत आल्या आल्या त्यांनी दरबार भरवला. "आपण जगाच्या मागे का आहोत, ते मला समजलं," ते म्हणाले. "तिकडे थंडीला चाळीस शब्द आहेत. आपण नुसतेच कुडकुडतो."

दरबाराला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं आपण नुसतेच कुडकुडत होतो, आणि कोणी सांगितलंही नाही.

मागच्या फांदीवरून एक म्हातारं घुबड भीत भीत म्हणालं, "महाराज, आपल्याकडेही आहेत की. गारठा आहे, हीव आहे, हुडहुडी आहे, शिरशिरी आहे."

"ते शब्द नव्हेत," महाराज म्हणाले. "ते आपण घरात बोलतो."

घुबडाने डोळे मिटून घेतले. विद्वानांना हे एक बरं जमतं.

आता शब्द शिकवणार कोण, हा प्रश्न आला. तळ्यावर दर हिवाळ्यात उत्तरेकडून एक करकोचा यायचा. लांब पाय, लांब मान, डोक्यामागे पांढरा तुरा. बर्फाच्या देशातून येतो म्हणजे थंडीतला जाणकारच, असं सर्वांना वाटलं. त्याला सन्मानाने बोलावलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो करकोचे सर झाला.

रोज सकाळी वडाखाली वर्ग भरू लागला. सर एका पायावर उभे राहून शिकवत.

"चिली म्हणजे शाल घ्यावीशी वाटते ती थंडी. फ्रॉस्टी म्हणजे सकाळी गवत पांढरं दिसतं ती. बिटिंग म्हणजे चावणारी."

"कुठं चावते, सर?" उंदराने विचारलं.

"नाकाला."

"मग नाक आत घ्यावं."

"हा अभ्यासक्रमातला भाग नाही," सर म्हणाले. "पुढचा शब्द, बोन-चिलिंग. म्हणजे हाडांपर्यंत पोचणारी."

गांडूळ हळूच म्हणालं, "सर, मला हाडं नाहीत."

"मग तुला हा शब्द वापरता येणार नाही. तू चिलीवर भागव."

गांडूळ हिरमुसलं. आपल्याला हाडं नाहीत याचं दुःख त्याला त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

शेवटी सरांनी ठेवणीतला शब्द काढला. "पेरिशिंग. म्हणजे जीव जायची वेळ आली. इंग्रज लोक हा शब्द चहा पिताना वापरतात."

एका हरणाने मान वर करून विचारलं, "सर, तिकडे एवढी थंडी पडते तेव्हा तुम्ही काय करता?"

"मी?" सर म्हणाले. "मी इकडे येतो. तिकडचा हिवाळा मी कधी पाहिलेला नाही."

मुलांनो, या उत्तरावर वर्गाने उठून घरी जायला हवं होतं. पण सर्वांनी ते वहीत उतरवून घेतलं.

बघता बघता जंगलाची भाषा सुधारली. सकाळी दोन माकडं भेटली की एक म्हणायचं "निप्पी," दुसरं म्हणायचं "आयसी." मग पहिलं खजील होऊन घरी जायचं आणि समानार्थी शब्द पाठ करायचं. कोल्ह्याने 'तीस दिवसांत थंडी' नावाचे क्लास काढले. तीस दिवसांत थंडी संपतच येते, हे त्याने जाहिरातीत लिहिलं नव्हतं.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण महाराजांनी एक फर्मान काढलं, आणि मग मात्र कोणाकोणाच्या जिवाशी आलं.

फर्मान असं होतं: ओढ्याकाठची शेकोटी बंद. तिथे कोण कोणत्या दर्जाच्या थंडीसाठी शेकतो, याची काहीच नोंद राहत नाही. यापुढे जंगलातली सगळी वाळकी लाकडं डोंगरातल्या गुहेत जमा होतील. ज्याला लाकूड हवं त्याने अर्ज करावा. अर्जात आपल्या थंडीचं इंग्रजी विशेषण लिहावं. निप्पीला दोन काटक्या, फ्रॉस्टीला अर्धी मोळी, फ्रीझिंगला एक मोळी, ग्लेशियलला सात.

गुहेवर तरसाला अधिकारी नेमलं. तरस आधी शाळेत परीक्षेच्या वेळी कॉपी पकडण्याचं काम करत असे. त्याने त्या फर्मानाला आपल्या पदरचं एक कलम जोडलं. एकाने वापरलेलं विशेषण दुसऱ्याने वापरायचं नाही. वापरलं तर ती नक्कल समजली जाईल. दुसऱ्याने समानार्थी शब्द आणावा.

"पण साहेब, दोघांना सारखीच थंडी वाजली तर?" कोणी तरी विचारलं.

"तर एकाने दुसऱ्याची बघितली असणार," तरसेसाहेब म्हणाले.

पहिल्याच दिवशी रांगेत सर्वांत पुढे होते अस्वलराव. त्यांच्या अंगावर वीतभर केस होते, आणि खाली चरबीचा थर वेगळा. ते ग्लेशियल घेऊन गेले. त्यांच्या मागे त्यांच्या बायकोने, अस्वलवहिनींनी, पेरिशिंग घेतला. त्यांना थंडी वाजत नव्हती. शब्द कानाला गोड लागला एवढंच. माकडांनी आयसी आणि आर्क्टिक वाटून घेतले, हरणांनी फ्रॉस्टी आणि फ्रीझिंग. ज्यांना धावता येत होतं ते आधी पोचले. ज्यांना खरोखर थंडी वाजत होती त्यांना नीट चालताही येत नव्हतं, त्यामुळे ते मागे राहिले.

आता आपण सगुणाकडे येऊ. सगुणा ही सशीण होती. आठ दिवसांपूर्वी तिला तीन पिल्लं झाली होती, आणि त्याच आठवड्यात अवकाळी पावसाने तिचं बीळ भिजलं होतं. नवरा लांडग्याच्या वाटेला गेला तो परत आला नव्हता. दोन पिल्लं चांगली वळवळत होती. तिसरं, सर्वांत धाकटं, आईच्या पोटाला लावलं तरी थरथरत होतं.

सगुणा गुहेवर गेली.

"साहेब, एवढी मोळी द्या. पोरं लहान आहेत."

"विशेषण?"

"लई गारठा आहे, साहेब."

"इंग्रजीत."

"धाकट्याचे कान निळे पडलेत."

तरसेसाहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. ते कामात चोख होते. "निळा हा शब्द यादीत नाही," ते म्हणाले. "बाई, वर्गाला जा. शिक्षणाशिवाय तरणोपाय नाही."

सगुणा वर्गाला गेली. पिल्लं तिने शेजारच्या साळूमावशीकडे ठेवली. साळूमावशी म्हणजे साळिंदर. अंगभर काटे असल्यामुळे तिला पिल्लांना जवळ घेता येत नव्हतं. ती नुसती बिळाच्या तोंडाशी वारा अडवून बसायची.

सगुणाने वर्गात चिली शिकली आणि धावत गुहेवर आली.

"चिली गेलं," तरसेसाहेब म्हणाले. "गांडुळाने घेतलं."

दुसऱ्या दिवशी ती फ्रॉस्टी शिकून आली. फ्रॉस्टी हरणांकडे होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने दूध ओढलं नाही. सगुणा वर्गात गेली तेव्हा सरांचा शब्द तिच्या कानांवर पडला आणि तिला वाटलं, हा तर माझ्याच घरचा. ती पळत सुटली.

"साहेब, पेरिशिंग."

"अर्थ माहीत आहे?"

"माहीत आहे."

"उच्चार चांगला आहे," तरसेसाहेब म्हणाले. "पण हा शब्द अस्वलवहिनींच्या नावावर आहे."

"त्यांच्या घरी कोण मरायला टेकलंय, साहेब?"

"ते अर्जात विचारलेलं नाही."

मला इथे राग येतो, मुलांनो. गोष्ट सांगणाऱ्याने रागावू नये असं म्हणतात. पण त्या गुहेत लाकडांचा ढीग छताला लागला होता, आणि दारात एक आई तीन अक्षरांसाठी की चार अक्षरांसाठी उभी होती. मला राग येतो. असो.

"यादीत काहीच उरलं नाही का?" सगुणाने विचारलं.

तरसेसाहेबांनी पुन्हा बघितलं. "एक आहे. प्लेझंट."

"म्हणजे काय?"

"सुखद. पण त्याला लाकूड मिळत नाही. उलट ज्याची थंडी सुखद आहे त्याने एक काटकी जमा करायची आहे."

सगुणा वळली. तेवढ्यात साहेबांनी तिला हाक मारली. "बाई, तुमचे अर्ज घेऊन जा. नामंजूर अर्ज इथे ठेवायचे नाहीत, अडगळ होते. चिलीच्या तीन प्रती, फ्रॉस्टीच्या तीन, पेरिशिंगच्या तीन. इथे सही करा."

अर्ज झाडाच्या सालीवर लिहावे लागत. साल गुहेतूनच मिळायची, आणि अक्षर फुटू नये म्हणून ती चांगली खडखडीत वाळवलेली असायची. सगुणाने ते नऊ तुकडे पाठीवर घेतले. लाकूड नाही ते नाही, वर हे ओझं. ती वाटेत दोनदा ठेचकाळली.

घरी आली तेव्हा धाकटं हलत नव्हतं.

तिने त्याला चाटलं. कानात फुंकर मारली. जमीन ओली होती म्हणून तिने पाठीवरची साल खाली टाकली आणि त्याला तिच्यावर ठेवलं. साल कटकन वाजली.

साळूमावशीने मान वळवली. "काय गं ते वाजलं?"

"अर्ज," सगुणा म्हणाली. तिला रडू येत होतं.

"वाळलेला दिसतोय."

"इंग्रजीतला आहे."

"असू दे," साळूमावशी म्हणाली. "माझ्याकडे राखेत एक निखारा राखून ठेवलाय. फर्मानात निखाऱ्याबद्दल काही नव्हतं. आण इकडे तो अर्ज."

पहिल्यांदा चिली पेटलं. मग फ्रॉस्टी. बिळाच्या तोंडाशी जाळ झाला आणि ओल्या मातीतून वाफ निघू लागली. सगुणाने धाकट्याला जाळाजवळ धरलं. पेरिशिंगच्या तिन्ही प्रती जळत आल्या तेव्हा त्याचा एक कान हलला. मग दुसरा हलला. मग त्याने तोंड उघडून आईचं पोट शोधलं.

सगुणा तेव्हा रडली, आणि साळूमावशीने तिला रडू दिलं. रडून झाल्यावर सगुणाने डोळे पुसले आणि गुहेच्या दिशेने बघितलं. आपण अज्ञानी होतो, हे तिला कळून चुकलं. मंजूर होण्याच्या नादात तिने तीन दिवस फुकट घालवले होते.

दुसऱ्या दिवशी गुहेवरची अर्जांची खिडकी उघडायच्या आत ती रांगेत हजर.

"साहेब, चिली."

"बाई, चिली गेलंय. परवाच सांगितलं."

"विसरले, साहेब. अडाणी माणूस."

"नामंजूर. तीन प्रती घेऊन जा."

ती तीन प्रती घेऊन गेली, आणि वळसा घालून पुन्हा रांगेत उभी राहिली. "साहेब, आयसी." नामंजूर. "साहेब, आर्क्टिक." नामंजूर. दुपारपर्यंत तिचे सात अर्ज नामंजूर झाले. एवढे नामंजूर अर्ज एका दिवसात कोणाचेच झाले नव्हते. तरसेसाहेबांना तिच्या चिकाटीचं कौतुक वाटू लागलं.

काही दिवसांत तिच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. शब्द एका ओळीत मावला पाहिजे, असा नियम होता. त्यामुळे शब्द जितका लांब, तितका सालीचा तुकडा रुंद. मग ती वर्गात पहिल्या रांगेत बसू लागली.

"सर, निप्पीपेक्षा लांब शब्द सांगा."

"बोन-चिलिंग."

"त्याहून लांब?"

"एक्स्क्रूशिएटिंगली फ्रिजिड," सर म्हणाले. एका पायावरून ते दुसऱ्या पायावर आले. त्यांना इतकी जिज्ञासू विद्यार्थिनी कधी मिळाली नव्हती.

"हे कोणी घेतलंय का, सर?"

"बहुतेक खारीने घेतलं."

"मग बरं झालं," सगुणा म्हणाली आणि लिहून घेतलं.

सगुणाने हे गुपित स्वतःपुरतं ठेवलं नाही. तिने उंदराला सांगितलं, उंदराने मुंगसाला. ज्यांना ज्यांना आजवर काही मिळालं नव्हतं ते सगळे दुसऱ्याचे शब्द घेऊन रांगेत उभे राहू लागले. रांग गुहेपासून तळ्यापर्यंत गेली. साल संपत आली तशी तरसेसाहेबांनी आतल्या लाकडांची साल सोलायला लावली. सोललेली लाकडं गुहेच्या ओलीत पडून भिजली.

अस्वलरावांना त्यांच्या दर्जाप्रमाणे सात मोळ्या नियमित पोचत होत्या. त्यांच्या गुहेतून पुढे महिनाभर नुसता धूर निघत होता. आत दोघं नवराबायको खोकत बसली होती. बाहेरून जाणारे धुराकडे बघून म्हणत, मोठ्या लोकांची ऊबच वेगळी.

हिवाळा संपत आला तेव्हा तरसेसाहेबांनी महाराजांना अहवाल दिला. इंग्रजी अर्जांची संख्या चाळीस पटींनी वाढली होती. गेल्या दीड महिन्यात एकाही लहान प्राण्याने थंडीची तोंडी तक्रार केली नव्हती. महाराजांनी अहवाल दोनदा वाचून घेतला आणि एक प्रत त्या पांढऱ्या अस्वलाला पाठवायला सांगितली.

फाल्गुनात मोठा सत्कार समारंभ झाला. पळस फुलला होता आणि ऊन डोक्यावर तापत होतं. वर्षातली आदर्श विद्यार्थिनी म्हणून सगुणाची निवड झाली होती. महाराजांनी तिला नारळ दिला आणि तिच्या खांद्यांवर लोकरीची जाड शाल घातली. ही शाल पौषात मिळाली असती तर, असं सगुणाच्या मनात आलं. घामाची धार तिच्या कानामागून खाली उतरली. पिल्लं तिन्ही समोर बसली होती. धाकटं शेजारच्याचा कान चावत होतं.

"आता यांनाच विचारू," महाराज सभेला म्हणाले. "सगुणाबाई, इंग्रजीने तुम्हाला काय दिलं?"

"माझं पोर दिलं, महाराज," सगुणा म्हणाली.

सभेने टाळ्या वाजवल्या. करकोचे सरांनी चोच पंखाखाली घातली, कारण त्यांचे डोळे भरून आले होते.

"आणि सगळ्यांत उपयोगी शब्द कोणता वाटला?"

"तसे सगळेच बरे निघाले, महाराज. लांब शब्द जरा जास्त वेळ पुरतात."

"वा," महाराज म्हणाले. "किती खोल विचार आहे. काही मागणं असेल तर सांगा."

सगुणाने शाल सावरली. साळूमावशीकडे एकदा बघितलं. मग ती हात जोडून म्हणाली, "महाराज, मोळ्या कोणाला द्यायच्या त्या द्या, आम्हाला नकोत. पुढच्या वर्षी अर्ज तेवढा पाच प्रतींत करा."

महाराज सद्गदित झाले. तरसेसाहेबांनी मागणी लगेच टिपून घेतली.

तात्पर्य: मुलांनो, परकी भाषा मन लावून शिकावी. आपल्या भाषेत माणूस नुसताच कुडकुडतो. परक्या भाषेत त्याला रीतसर नामंजूर होता येतं, आणि खरी ऊब त्यातच आहे. फक्त शब्द लांब निवडावा, आणि साल कोरडी आहे ना, ते आधी बोटाने वाजवून बघावं.